‘मधली’ या शब्दाला मी हात लावला

वेळापत्रक आडवं वाचायचं नसतं, उभं वाचायचं असतं. हे मला कुणी शिकवलं नाही. अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासून कळलं. आडव्या ओळीत प्रत्येक आकडा खराच वाटतो. उभ्या रकान्यात मात्र सूर्य चालताना दिसतो, रोज अर्धा-एक मिनिट पुढे किंवा मागे. मध्येच ६.४७ च्या खाली ६.५७ आलं की समजायचं, ऑपरेटरचं बोट घसरलं. या युक्तीचा मला फार अभिमान होता, आणि तिनेच माझा घात केला.

चिपळूणला आमची लहानशी प्रेस आहे. म्हणजे मालकांची, मी नोकर. २०२१ च्या पुरानंतर कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेले, त्यामुळे माझं टेबल आता गच्चीच्या जिन्याला लागून आहे. रमजानच्या आधी महिनाभर आमच्याकडे नमाजेची, सहेरी-इफ्तारची वेळापत्रकं येतात. तीस ओळी, आठ रकाने, वर अरबी आयत, म्हणजे कुराणातलं वचन, खाली चप्पलच्या दुकानाची जाहिरात. अरबी मजकूर इनपेज या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी श्रीलिपीमध्ये, आणि दोन्ही पान मांडायच्या कोरलमध्ये एकत्र आणले की अरबी अक्षरं कधीकधी सुटी होऊन उलटी उभी राहतात. ते ऑपरेटर पोराला दिसत नाही, मलाही वाचता येत नाही. म्हणून अरबीची प्रिंट मूळ कागदावर ठेवून दोन्ही काचेला लावायचे आणि उजेडात बघायचं. अक्षरावर अक्षर बसलं तर ठीक. बाकी गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, कारण धर्माचं काम असतं. हे सगळ्या धर्मांचं सारखंच आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत एकाच शनिवारी दोन कामं माझ्या टेबलावर होती. एक वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या एका गावच्या जमातीचं, दुसरं बाजारातल्या एका मशिदीचं. गाव कोकणी मुसलमानांचं, जुनं. बाजारातल्या मशिदीत बेकरीवाले, फर्निचरवाले, यूपी-बिहारकडची पोरं जास्त. दोन्हींत सूर्योदय तोच, इफ्तारची वेळ मिनिटाच्या फरकाने तीच. असरचा, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेचा, रकाना मात्र जुळेना. गावाच्या कागदावर १२ मार्चला ४.०८, आणि महिनाअखेर उतरत उतरत ३.५७. बाजाराच्या कागदावर ५.०५, ५.०५, ५.०५... महिनाभर जवळपास जागेवर, शेवटी कसंबसं ५.०३.

खाडीकाठी सूर्य अकरा मिनिटं सरकतो आणि बाजारात खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो? मी हसलो. आमच्या ऑपरेटरला पहिला आकडा टाकून खाली ओढत नेण्याची खोड आहेच. मी लाल पेनने बाजाराचा अख्खा रकाना खोडला आणि गावाच्या कागदावरचा उतरवून दिला. प्रुफावर गिऱ्हाइकाची सही झालेली होती. सही झालेल्या प्रुफाला हात लावायचा नाही, हा धंद्यातला पहिला नियम मीच नव्या पोरांना सांगतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर निम्मंच पाप झालं असतं. गावाच्या कागदावर आयतीचं मराठी होतं: ‘सर्व नमाजांची जपणूक करा, आणि मधल्या नमाजेची.’ मधल्या? कशाच्या मधल्या? वाचणाऱ्याला काय कळणार? आपल्याकडे मधली सुट्टी दुपारी होते. मी ‘मधल्या’ खोडून ‘दुपारच्या’ केलं. वाक्य कसं सरळ झालं.

रविवारी सकाळी मशीनमनने बाजाराचं काम छापून काढलं, पाचशे प्रती. सोमवारी शिवजयंती. मंगळवारी, २० फेब्रुवारीला, साडेदहाला गावचे चाचा जिना चढून आले. जहाजावर तीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस, आता जमातीची कागदपत्रं बघतो. त्यांचं काम अजून प्लेटवर गेलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, “मास्तर, हे तुम्ही ठरवलंत?”

मी म्हटलं, मधलीचा अर्थ लागत नाही हो.

“चौदाशे वर्षं लागत नाहीये,” चाचा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मग त्यांनी बोटं मोजायला घेतली. पहाटेपासून मोजलंत तर पहाटेची फजर, दुपारची जोहर, मग असर, मावळतीची मगरिब, रात्रीची ईशा. मधली असर. पण इस्लामी दिवस मावळतीला सुरू होतो. मगरिबपासून मोजा: मगरिब, ईशा, फजर, जोहर, असर. मधली फजर. जिब्रील या देवदूताने शिकवलेली पहिली नमाज जोहर, तिथून मोजा, मधली मगरिब. आणि तुमच्यासारखे भर दुपारची म्हणणारेही आहेत: प्रेषितांचा लेखनिक असलेले झैद बिन साबित जोहरच म्हणत. वाळवंटातली रणरणती दुपार, लोकांना तीच जड जायची, म्हणून तिची वेगळी ताकीद. शिया लोकही बहुतेक तेच मानतात. “म्हणजे तुम्ही एकटे नाही, मास्तर. पण आमच्या कागदावर तुमचं मत कशाला?”

मी विचारलं, तुम्ही शाफई पंथाचे, मग तुमच्या इमाम शाफईंचं काय? ते हसले. इमाम शाफईंनी म्हणे फजर सांगितली होती, मालिकी पंथाच्या इमाम मालिकांनीही. पण शाफईंचंच म्हणणं असं की हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची नोंद, पक्की निघाली तर तोच माझा पंथ समजा. आणि खंदकाच्या लढाईची हदीस पक्की आहे: वेढ्याच्या धामधुमीत नमाज राहिली तेव्हा प्रेषित म्हणाले, यांनी आम्हाला मधल्या नमाजेपासून, असरच्या नमाजेपासून अडवलं. म्हणून पुढच्या शाफई विद्वानांनी इमामाचा शब्द बाजूला ठेवून इमामाचं तत्त्व धरलं आणि असर म्हटलं. मी हे ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आमच्या मालकांनी असं एकदा तरी करावं.

सव्वाबाराला जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. बाजारातल्या मशिदीचे हाफिज, म्हणजे कुराण तोंडपाठ असलेले, पंचविशीचा मुलगा, दोन्ही हातांत कागदांचा गठ्ठा. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. “भाईसाब, ये असर का वक्त किसने बदला? वक्त से पहले नमाज होती ही नहीं.”

मी रकान्याची सगळी हकीकत सांगितली. ऑपरेटरने मान वर केली नाही. त्याच्यावर आळ घेतल्याबद्दल मी त्याची माफी अजून मागितलेली नाही. चाचांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, “दोन्ही बरोबर आहेत. एक फूटपट्टी आणा, आणि एक मोठा कागद.”

मशीनवर वाया गेलेला एक शीट घेतला, वीस बाय तीस इंची, एका बाजूला माझंच चुकलेलं वेळापत्रक. तो पालथा घातला. गच्चीला पाण्याचा उतार असतो म्हणून चाचांनी खाली फळी ठेवली, ताटलीत पाणी घेऊन फळी समतल केली, कागदाच्या घड्या खाली सारल्या. जहाजावरचा माणूस. मग स्टीलची तीस सेंटिमीटरची पट्टी शीटच्या कडेला उभी धरली. आपल्याकडे घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर नसतो. भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची, आपण बरेच पश्चिमेला. फेब्रुवारीत चिपळूणला माध्यान्ह होते पावणेएकच्याही पुढे. बारा पन्नासच्या सुमाराला सावली सर्वांत आखूड झाली. पेन्सिलने खूण केली: सोळा सेंटिमीटर आणि थोडं.

“ही मूळ सावली. ही धरायची नाही. हिच्यापुढे सावली पट्टीएवढी वाढली की आमची असर सुरू. यांच्या हनफी पंथाच्या मते पट्टीच्या दुप्पट वाढली की.”

हाफिजनी मान डोलावली, मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाले की इमाम अबू हनिफांच्या दोन थोर शिष्यांनी, अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी, एक पट हीच वेळ धरली होती. चालत आली मात्र दोन पटीची. आणि कोकणात शाफई का? चाचांचं उत्तर एका वाक्याचं: आमच्याकडे धर्म गलबतातून अरबांबरोबर आला, घाटावर तो खुष्कीच्या वाटेने आला. म्हणून कोकण, भटकळ, मलबार शाफई. घाट चढलात की बहुतेक हनफी. बाजारातली पोरं उत्तरेतली, तेही हनफी. पाच किलोमीटरच्या अंतरात असर जवळजवळ तासाने सरकते, आणि मला वाटलं टायपिंगची चूक आहे.

आता सांगायला हरकत नाही की पंचांगाची कामंही मीच तपासतो. स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी छापलेली असते. ती मी आजवर एकदाही ‘दुरुस्त’ केली नाही. तिथे दोन मतं असू शकतात हे मला घरातून माहीत होतं. इथे माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही सुचलं नाही. एक फोन केला असता तर पाचशे कागद वाचले असते.

दोघे जोहरला बाजारातल्या मशिदीत बरोबरच गेले. चारला दोघेही परत आले, सुधारलेली प्रुफं बघायला. हाफिज खाली थांबले, मी आणि चाचा वर गेलो. सावली आता पूर्वेकडे वळली होती, शीट तिच्या रोखाने फिरवला. चार दहाला टोक शेहेचाळीसच्या आसपास. सावलीचं टोक कधी तीक्ष्ण नसतं, केसाळ असतं. मी त्याच्या मधोमध खूण केली. चाचांनी तिथेच गच्चीवर, कागदापासून चार हात दूर, रुमाल अंथरून नमाज पढली. मी कठड्याकडे तोंड करून उभा राहिलो, काय करावं ते न कळून.

खाली आल्यावर मालकांनी हिशोब मांडला. पुन्हा पाचशे प्रती, कागदाचा खर्च माझ्या पगारातून. मी वाद घातला नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये असरच्या दोन पद्धती निवडायला मिळतात हे मालकांनीच मला विजयी मुद्रेने दाखवलं. हे त्यांना दहा मिनिटांपूर्वी हाफिजनी सांगितलं होतं.

चाचांच्या कागदावर ‘मधल्या’ परत आलं. मालक म्हणाले, कंसात असर टाकू या का, लोक विचारतील. चाचा म्हणाले, “विचारू देत.” हाफिजना हे आवडलं. तेही हनफी म्हणून असरच मानतात, पण त्यांनी प्रेषितांचे एक सोबती बरा बिन आझिब यांची एक आठवण सांगितली: ही आयत आधी ‘असरची नमाज’ अशीच पढली जायची, मग तो शब्द जाऊन ‘मधली नमाज’ आला. कुणी विचारलं, म्हणजे असरच ना? बरा म्हणाले, कशी उतरली आणि कशी बदलली ते मी सांगितलं, पुढचं अल्लाह जाणे. स्पष्ट शब्द काढून संदिग्ध शब्द घातलेला! मी आयुष्यभर याच्या उलट करत आलोय. काहींचं तर म्हणणं आहे की रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत एक रात्र जशी लपवली, तशी पाचांत ही एक लपवली आहे, म्हणजे माणूस पाचही जपेल. सोबत्यांच्या नंतरच्या पिढीतले विद्वान सईद बिन मुसय्यब यांनी प्रेषितांच्या सोबत्यांमधला मतभेद कसा होता ते दाखवताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली होती, हे सांगताना हाफिजनीही तशीच गुंतवली.

पाचला मी एकटाच वर गेलो. तीस इंची शीट म्हणजे शहात्तर सेंटिमीटर. पाच वाजून दोनला सावलीचं टोक कागदाच्या कडेवर होतं, पुढे नुसती फळी. थोड्या वेळाने बाजारातून बांग आली.

त्या दिवसातली एक गोष्ट मात्र अजून माझ्या टेबलावर आहे. हाफिज जाताना सांगून गेले: प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशांनी आपली कुराणाची प्रत लिहून घेताना या आयतीशी लेखनिकाला थांबवलं आणि लिहायला लावलं: ‘मधल्या नमाजेची आणि असरच्या नमाजेची’. आता हा ‘आणि’ बघा. काही म्हणतात, ‘आणि’ आहे म्हणजे दोन वेगळ्या नमाजा, म्हणून मधली ती असर नव्हे. काही म्हणतात, हा ‘आणि’ फक्त ओळख पटवणारा. मी मराठीत करून पाहिलं: ‘माझे गुरू आणि शेजारी आले.’ एक माणूस आला की दोन? आदराच्या ‘आले’मध्ये सगळं झाकून जातं. रात्री अंथरुणात आठवलं की आयतीत त्याच्याही आधी एक ‘आणि’ आहे: सर्व नमाजांची, आणि मधल्या नमाजेची. मधली तर ‘सर्व’मध्ये आलीच होती. तिथे ‘आणि’ने नवीन नमाज आणलेली नाही. मग दुसऱ्या ‘आणि’नेच का आणावी?

सकाळी हाफिजना फोन करून विचारलं. ते म्हणाले, हे आधीच्या लोकांनी म्हणून ठेवलंय, आणि त्याला उत्तर देणाऱ्यांनीही देऊन ठेवलंय. मग विचारलं, नवीन प्रती कधी मिळतील?