ग्रॉडला केळं आवडत नाही

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात लेकीने मला ‘द फ्लॅश’ ही मालिका बघायला बसवलं. वीज अंगावर पडून सुसाट पळायला लागलेला बॅरी ॲलन, त्याचे प्रयोगशाळेतले मित्र आणि सेंट्रल सिटी नावाचं एक काल्पनिक अमेरिकन शहर, जिथे दर आठवड्याला नवा खलनायक उगवतो. लेक बॅरीच्या बाजूची. मी पहिले आठ-दहा भाग चहाच्या कपाआडून डुलक्या घेत काढले. मग एकदा पडद्यावर गटारातून एक अजस्र गोरिला बाहेर आला आणि मी कप खाली ठेवला.

त्याचं नाव ग्रॉड. तोंडाने बोलत नाही, थेट समोरच्याच्या डोक्यात बोलतो. ऐकणारा कपाळ धरून खाली बसतो. स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, ग्रॉडच म्हणतो. आपल्याकडे दोन-अडीच वर्षांची मुलं असं बोलतात, आणि काही पुढारी. त्याच्या तावडीत सापडलेला पोलीस अधिकारी जो वेस्ट जीव वाचवायला त्याच्यापुढे केळं धरतो, तेव्हा ग्रॉड त्याला सांगतो की ग्रॉडला केळं आवडत नाही. लेक खो खो हसली. मला मात्र ते वाक्य लागलं. इतक्या मोठ्या शहरात त्याच्या आवडीनिवडीबद्दल झालेली ती पहिली चौकशी, आणि तीही अंदाजाने, जातीवरून.

ग्रॉड मुळात हा असा नव्हता. जनरल आयलिंग नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दुसऱ्याच्या मनात शिरणारे सैनिक तयार करायचे होते, त्यासाठी प्रयोगाला आणलेलं हे जनावर. सुया, औषधं, पिंजरा. प्रयोगशाळेचा प्रमुख डॉ. वेल्स त्याच्याशी बरा वागे, म्हणून ग्रॉड त्याला बाप मानतो. पुढे प्रयोगशाळेतला तो प्रसिद्ध स्फोट होतो, शहरभर माणसांना अचाट शक्ती मिळतात, आणि ग्रॉडला मिळते बुद्धी. 2014 सालच्या पहिल्याच भागात त्याच्या नावाचा तुटलेला पिंजरा ओझरता दिसतो, पण तो स्वतः पुरता समोर यायला 2015 उजाडतं. आख्खा गोरिला संगणकावर घडवायचा म्हणजे खर्चाचं काम, त्यामुळे बिचारा वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या भागातच येतो. दिवाळीपुरता येणाऱ्या पाहुण्यासारखा. फरक एवढाच की हा आला की पडदे फाडतो.

आणि ज्याला तो बाप म्हणतो तो वेल्स खरा वेल्स नसतोच, भविष्यातून आलेला ठग असतो. पोराचा उपयोग तो पाळीव कुत्र्यासारखा करून घेतो: लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवायचंय ना, जा, भुंक.

मला अडकवलं ते त्याच्या मन वाचण्याने. मराठीत मनकवडा ही शिवी नाही, शाबासकी आहे. न सांगता पाण्याचा तांब्या पुढे करणारी सून मनकवडी, गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याच्या बजेटातलं लुगडं काढून ठेवणारा दुकानदार मनकवडा. पण या शाबासकीत एक अट लपलेली असते. मनकवड्याने आपल्याला हवं ते ओळखायचं आणि नको ते ओळखूनही गप्प बसायचं. सुनेला सासूच्या मनातला चहा कळावा, चहा पिताना सासूच्या मनात जे येतं ते कळू नये. ग्रॉडला ही सोय नाही. त्याला सगळंच ऐकू येतं. त्याच्याकडे बघून कुणाच्या मनात भीती, कुणाच्या मनात किळस, कुणाच्या मनात विनोद, आणि सगळ्यांच्या मनात केळं. असं दिवसाचे चोवीस तास ऐकल्यावर कोण गोड राहील? मला तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर चार लोक माझ्याविषयी नुसतं सूचक लिहितात तेवढ्याने रात्रभर झोप येत नाही.

पहिल्या मारामारीत बॅरी लांबून धावत येऊन आवाजापेक्षा वेगाने ठोसा मारायला जातो, तर ग्रॉड तो ठोसा मुठीत झेलतो आणि बॅरीला चिंधीसारखा भिरकावतो. पुढे भुयारी रेल्वेत गाठ पडते. डोक्यातला आवाज अडवणारं यंत्र फुटतं, ग्रॉड बॅरीच्या मनात घुसतो, बॅरी रुळावर कोसळतो. तेवढ्यात कानातल्या फोनवरून, त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती आयरिस त्याच्याशी बोलत राहते, तिच्या आवाजावर मन लावून तो उठतो, बाजूला होतो, आणि येणारी गाडी ग्रॉडला धडकते. लेक म्हणाली, “बघ बाबा, प्रेम जिंकलं.” जिंकलं खरं. पण मला हिशेब वेगळा दिसत होता. एकाच्या कानात त्याचं नाव घेणारं एक माणूस होतं. दुसऱ्याच्या डोक्यात आख्खं शहर होतं आणि त्यात त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं.

याच्या पुढचा भाग मी दोनदा पाहिला. ग्रॉड जगतो, आणि प्रयोगशाळेतल्या केटलिनला पळवून नेतो. का, तर पिंजऱ्याच्या दिवसांत ती त्याच्याशी चांगली वागली होती, आणि आता तिने त्याच्यासारखे आणखी घडवावेत. खलनायकांच्या मागण्या कशा असतात? खंडणी, शहराची सत्ता, नायकाचं मुंडकं. याची मागणी सोबत. एवढं ऐकून मी उपाय काय निघतो याची वाट बघत होतो. उपाय निघाला तो आपल्या ओळखीचा: त्याला ‘त्याच्या लोकांत’ पाठवून द्या. समांतर विश्वातल्या दुसऱ्या पृथ्वीवर गोरिलांचं शहर आहे, तिथे सोडा. दार उघडतात, ढकलतात, दार बंद. सगळे सुटकेचा श्वास टाकतात. बाकी, ते दार उघडण्याआधी खरा-खोटा बाप पुन्हा उभा करून त्याला भुलवलेलं असतं, हे सांगायला नको. त्या ठगाचा पिवळा पोशाख चढवून दुसऱ्याच पृथ्वीवरचा वेल्स बाप म्हणून समोर जातो. पोरगं ओळखतं, पण आधी विरघळतं.

आता त्याचे लोक म्हणजे कोण? जन्म इथला, बोली माणसांची, बाप माणूस, राग माणसांवरचा. तिथल्या गोरिलांना हा परका, परदेशात वाढून गावी आलेल्या चुलतभावासारखा, ज्याला देवळात चपला कुठे काढायच्या तेही विचारावं लागतं. गोरिला शहराचा राजा सोलोवार. पुढच्या वर्षी ग्रॉड बॅरीलाच फसवून त्या राजाला हरवतो, स्वतः सेनापती होतो, आणि फौज घेऊन सेंट्रल सिटीवर चालून येतो. म्हणजे घर मिळाल्यावर याने काय केलं, तर ज्या गावाने हाकललं त्याच गावाच्या वेशीवर परत येऊन उभा राहिला. वाळीत टाकलेल्या माणसाचं असंच होतं. त्याला नवं गाव नको असतं, जुन्या गावाने चुकलो म्हणावं एवढंच हवं असतं. लग्नात मानाची टोपी विसरली म्हणून पंचवीस वर्षं रुसलेले एक दूरचे काका आमच्याकडे आहेत. कुणाच्या घरी कधी कोणतं कार्य आहे याची बित्तंबातमी मात्र त्यांनाच असते.

मूळ चित्रकथेत हे कडवटपण या जातीचं नाही. तिथला ग्रॉड 1959 साली जॉन ब्रूम आणि कार्मिन इन्फँटिनो यांनी ‘द फ्लॅश’च्या 106व्या अंकात आणला, तो गोरिला शहरातलाच, उपजत हुशार, उपजत दुष्ट. त्या काळात मुखपृष्ठावर गोरिला असला की अंक जास्त खपतो असा अमेरिकन संपादकांना शोध लागला होता, त्यामुळे गोरिलांची चंगळ चाललेली. पिंजरा, सुया आणि बाप ही मालिकेने घातलेली भर. मला ही भर मूळ मालापेक्षा मोलाची वाटते, कारण ती गोष्ट अमेरिकेत खरोखर घडून गेलेली आहे.

निम नावाचा एक चिंपांझी होता. भाषाशास्त्रज्ञ नोम चोम्स्की यांच्या नावावर कोटी करून त्याचं पूर्ण नाव ठेवलं निम चिम्प्स्की. 1973 साली ओक्लाहोमात जन्मला आणि काही दिवसांचा असतानाच आईपासून काढून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या एका घरात आणला. कोलंबिया विद्यापीठाच्या हर्बर्ट टेरेस यांचा प्रयोग होता: माणसाच्या मुलासारखा वाढवला तर हा हातवाऱ्यांची भाषा शिकेल का? कपडे घातले, घरच्यांच्यात वाढवला, शंभरावर खुणा शिकवल्या. 1977 साली प्रयोग गुंडाळला आणि निमला ओक्लाहोमाला परत धाडलं. ‘त्याच्या लोकांत’. ते लोक त्याने कळत्या वयात पाहिलेले नव्हते. टेरेस यांनी पुढे लिहिलं की निमचं बोलणं ही भाषा नव्हती, बरीचशी नक्कल होती. असेल. त्यानंतर त्याची रवानगी औषधांचे प्रयोग करणाऱ्या एका प्रयोगशाळेत झाली, बोभाटा झाला, आणि अखेर टेक्सासातल्या एका प्राणी-आश्रमात तो 2000 साली वारला. त्याला मन वाचता येत नव्हतं, हे त्या सगळ्या मोठ्या माणसांचं नशीब.

मालिकेतला ग्रॉड नंतर बराच भटकला. याच लोकांच्या दुसऱ्या एका मालिकेत काळाच्या पोटात शिरून 1967च्या व्हिएतनामच्या जंगलात जाऊन बसला. मग 1979 साली लॉस एंजेलिसच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुण बराक ओबामांच्या जिवावर उठला. ते बघताना मात्र मी पुन्हा चहाचा कप उचलला. जखम खरी असली तरी तिच्यावर किती भाग काढायचे याला काही सुमार! पण 2020च्या फेब्रुवारीत आलेल्या एका भागात तो कैदेत बेशुद्ध पडलाय, आणि बॅरीचं मन अपघाताने त्याच्या मनात अडकतं. पहिल्यांदाच वाट उलटी होते, कुणीतरी त्याच्या डोक्यात येतं. ग्रॉड सांगतो की ग्रॉड बदललाय. बॅरी आधी अर्थातच विश्वास ठेवत नाही, मग ठेवतो, आणि दोघं मिळून बाहेर पडतात. लेकीला तो भाग संथ वाटला.

त्या रात्री मी जुना अल्बम काढला. लेकीच्या जन्माच्या आधी आम्ही म्हैसूर-उटीला गेलो होतो, कंपनीच्या सहलीची बस. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात तेव्हा पोलो नावाचा गोरिला होता, भारतातला एकुलता एक. 2014 साली गेला, तोवर कित्येक वर्षं एकटाच. खंदकापलीकडे आमच्याकडे पाठ करून बसलेला, पाठीवर चांदीच्या रंगाचा पट्टा. आमच्या बसमधल्या सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या, मीही मारल्या. अल्बममध्ये तीन फोटो आहेत आणि तिन्हीत नुसती पाठ.

“तो मनकवडा असता तर?” लेक माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली. “त्याला काय ऐकू आलं असतं?”

मला ते नीट आठवत होतं. बस साडेचारला सुटणार होती, रोलमध्ये चारच फोटो उरले होते, आणि ह्याने एकदा तोंड इकडे करायला काय हरकत आहे.