वयाचं तिकीट

मंगळवार, रात्री साडेदहा

आज स्वारगेटहून साताऱ्याला गेलो नि आलो. लाल डब्यानेच. काम अर्ध्या तासाचं होतं, बाकी दिवस एसटीत. पण वाया गेला असं म्हणवत नाही.

माझ्या पुढच्या सीटवर एक गृहस्थ होते. केस काळेभोर, मिशीसुद्धा. मिशी जरा जास्तच काळी. कंडक्टर आल्यावर ते खिडकीबाहेर बघत सहज म्हणाले, "पंच्याहत्तर पूर्ण." कंडक्टरने एकदा मिशीकडे पाहिलं. "काका, कार्ड दाखवा. साठीचेसुद्धा वाटत नाही तुम्ही."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. महिनोन्‌महिने डाय लावून ज्या वाक्याची वाट पाहिली, ते ऐकायला मिळालं ते नेमकं तिकीट फुकट मिळायच्या वेळी. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी, डब्याखाली. ते सापडेपर्यंत काका एकदा चिडत होते, एकदा सुखावत होते. शेवटी शून्य रुपयांचं तिकीट घडी घालून खिशात ठेवलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, विश्वासच बसत नाही लोकांचा!" शिरवळपर्यंत हे तीनदा सांगितलं.

2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि आयुष्यभर वय चोरणारी माणसं वय मिरवायला लागली. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा तर चार महिने कमी पडतात म्हणून हळहळत असतात. पंच्याहत्तरीची इतकी घाई झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्यांची पंच्याहत्तरी झाली, त्यांच्या घरच्यांनाही ते सोयीचं आहे म्हणा. गावाकडचं तूप, कैऱ्या, नातवाचा विसरलेला चार्जर, सगळं आता आजोबांच्या हाती येतं. "तुम्हाला कुठे तिकीट पडतंय?"

2023 च्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या घरातही कामांची वाटणी बदलली. लांबच्या नात्यातली लग्नं, बारशी हिच्याकडे. मी पूर्ण तिकिटाचा माणूस, मला फक्त दहाव्याला पाठवतात.

मागच्या सीटवर उलटा प्रकार चालला होता. पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं तिकीट, पाचाच्या आत काही नाही. आई सांगत होती, "पाचवं लागायचंय अजून." पोरगं मांडीवर मावत नव्हतं, पाय पार पुढच्या सीटला टेकलेले. त्याने कंडक्टरला आपणहून सतराचा पाढा म्हणून दाखवला. कंडक्टर भला माणूस, "हुशार आहे हं" म्हणाला आणि अर्धं तिकीट फाडलं. फाडलं कसलं, मशीनमधून काढलं, पण तोंडात जुनाच शब्द बसलाय. आईने पोराच्या दंडाला चिमटा काढला.

मी मनातल्या मनात हसत होतो. एकाच गाडीत कुणी वय वाढवतंय, कुणी कापतंय. म्हटलं, आपण बरे, चोपन्न पूर्ण, ना घेणं ना देणं.

परतीच्या गाडीत कंडक्टर दुसरा होता. खंबाटकीच्या आधी माझ्यापाशी आला, मशीनवर बोट ठेवून माझ्याकडे नीट बघितलं आणि अदबीने विचारलं, "ज्येष्ठ ना? अर्धं देऊ?"

"फुल द्या, फुल!" इतक्या जोरात ओरडलो की पुढची दोन माणसं वळून बघायला लागली.

येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायचं पाकीट आणलंय. हिला अजून दाखवलेलं नाही.