मोठ्या गटाचं प्रगतिपत्रक आणि गुणांचा रकाना

पंचवटीतल्या आमच्या बालवाडीत यंदा मोठ्या गटाची प्रगतिपत्रकं माझ्याकडे होती. निरीक्षणवही, पडताळा सूची (मुलाला काय जमतं याची हो-नाही यादी), मुलांच्या कामाची संचिका हे वर्षभर चालूच होतं, त्यात काही अडलं नाही. अडलं ते संस्थेच्या कार्यालयात.

तिथल्या छापील तक्त्यात प्रत्येक मुलापुढे एकच रकाना, 50 पैकी गुण. मी वर्णनात्मक नोंदी दिल्या, फाईल परत आली. "वाक्यं नकोत, आकडा टाका." पुन्हा नेली तर साहेब मीटिंगला. मग निरोप, "ताई, एक तोंडी परीक्षा घेऊन टाका, दहा मिनिटांचं तर काम." या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. 'एक ते दहा म्हण' म्हटलं की तिची मान खाली. तीच मधल्या सुट्टीत चिंचोके वाटायला बसली. चौघींना एकेक करत सारखे दिले, दोन उरले ते डब्यात टाकले आणि म्हणाली, "हे सगळ्यांना पुरणार नाहीत." पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा ही समज कितीतरी पुढची. तोंडी परीक्षेत तिला शून्य मिळालं असतं! माझ्या वहीत मात्र हा प्रसंग तिच्या शब्दांसह, तारखेसह होता.

शेवटी 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा काढला आणि मूल्यमापनाचं प्रकरण छापून नेलं. 3 ते 8 वयोगटासाठीचा हा आराखडा. या टप्प्यावर लेखी-तोंडी परीक्षा हे योग्य साधन नाही, मुलाचं निरीक्षण करा आणि त्याने केलेलं काम तपासा, असं त्यात आहे. त्या ओळींखाली रेघ मारून मी कागद टेबलावर ठेवला आणि तिथेच बसून राहिले. रकान्यात 'वर्णन सोबत जोडले आहे' असं लिहायला परवानगी मिळाली. एकाही मुलापुढे आकडा पडला नाही, याचा मला अभिमान आहे.

ज्यांच्याकडे हे काम येईल त्यांनी नोंदीत 'हुशार', 'हट्टी' असे शिक्के मारू नयेत. मूल काय करत होतं, काय बोललं, तेवढंच लिहावं. रोज तीन-चार मुलंच ठरवून बघा, सगळा वर्ग एकदम दिसत नाही. संचिकेत फक्त सुबक चित्रं लावू नका. जूनमधलं वेडंवाकडं कातरकाम आणि फेब्रुवारीतलं शेजारी ठेवलं की पालकांना वेगळं काही सांगावं लागत नाही. तारीख चित्रामागे त्याच दिवशी टाका. पडताळा सूचीत हो-नाहीच्या मध्ये 'मदतीने करते' हा रकाना हवाच, बरीचशी मुलं तिथेच असतात.

आणि हो, कार्यालयात फाईल दिली की पोच घ्या. 'आलीच नाही' हेही मी ऐकलंय.