जोंगाची वही, महिना चौदावा: शिम्सचा काला आणि पांढरा डिफ

जोंगाचं, म्हणजे माझ्या जुन्या लष्करी जीपचं, इंजिन परत आलं. गेल्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत "पंधरा दिवसांत" असं लिहिलं होतं. लागले अकरा आठवडे. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात साखर कारखान्याचं काम आलं की आपल्यासारख्या हौशी लोकांचं इंजिन टेबलाखाली सरकतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला तेव्हा सहाही सिलिंडर ओव्हल निघाले, तिसरा सगळ्यात वाईट. वर्कशॉपच्या मामांनी डायल गेज आत फिरवला, काटा कुठवर जातो ते मला दाखवलं आणि काही न बोलता पाटीवर खडूनं "०.५" लिहिलं. म्हणजे ८५.७ मिलिमीटरचा बोअर ८६.२ झाला. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ११४.३ तसाच. रात्री घरी हिशेब मांडून बघितला: कागदोपत्री ३९५६ सीसीचं इंजिन आता ४००२ भरतं. बोअर वाढवायचा बेत नव्हता, पण आमची जोंगा आता चार लिटरच्या पलीकडची झाली. नाद खुळा!

पिस्टन वन-टनचे बसवलेत. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत लष्करासाठी जोंगाही बनायची आणि निस्सानचा वन-टन ट्रकही, आणि दोन्हींत तेच सहा सिलिंडरचं पी इंजिन. त्यामुळे जोंगाचा म्हणून माल मागितला की दुकानदार हात वर करतो, वन-टनचा मागितला की पोत्याखालून काढून देतो. नवीन वाचकांपुरतं एकदाच सांगतो: जोंगा म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या नावाची आद्याक्षरं. मूळ गाडी निस्सानची पॅट्रोल ६०. आपल्याकडे ती १९६९पासून १९९९पर्यंत बनली. नाव पॅट्रोल, खाते पेट्रोल.

तर, डिझेल. "मूळ इंजिन काढून डिझेल टाका" हा सल्ला दर नोंदीनंतर येतोच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. आधीच्या मालकानं ही गाडी लष्कराच्या लिलावातून घेतली, चार वर्षं फिरवली आणि लिटरला चार किलोमीटर बघून उसाच्या शेतातल्या शेडमध्ये लावून टाकली. त्याच्याकडे तेव्हा पैसे असते तर त्यानंही डिझेल इंजिन टाकलं असतं आणि आज माझ्या हाती मूळ इंजिनच आलं नसतं. मी ते बदलणार नाही. हे इंजिन हजार आरपीएमवर ज्या शांतपणे ओढतं ते डिझेलमध्ये नाही, आणि माझं वर्षाचं फिरणं फार तर दीड हजार किलोमीटर. त्यातून आरसीवर "पेट्रोल" लिहिलेलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आलीच. पळण्याच्या भागाला हात लावायचा नाही, थांबण्याच्या भागात हवं ते बदलायचं, असं मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. एकेरी लाइनचे चारही ड्रम ब्रेक घेऊन आंबोली घाट उतरायची माझी तयारी नाही. म्हणून टँडम मास्टर सिलिंडर (दोन वेगळ्या लाइनचा, एक फुटली तरी दुसरी चालते) आणि बूस्टर बसवतोय. ड्रम मात्र तेच ठेवलेत, टर्न करून.

इंजिनात दोनच गोष्टी काळाप्रमाणे केल्या. व्हॉल्व्हच्या सीटची झीज रोखणारं शिशाचं पेट्रोल २०००मध्येच बंद झालं, म्हणून हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सहा सीट कडक धातूच्या घालून घेतल्या. दुसरी, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा सगळा जुना रबर पाइप काढला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल येतं. जुना रबर त्यात फुगतो, मग आतून सुटायला लागतो. माझ्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम हातात घेतला तर भिजवलेल्या पापडासारखा लोंबला. डायफ्रॅम आणि पाइप दोन्ही इथेनॉल चालणारे घ्या. पाइप घेताना त्यावरचं छापील वाचा, दुकानदाराच्या "चालतंय ओ" वर जाऊ नका.

आता या महिन्यातला खरा घोटाळा. पुढच्या ॲक्सलचे दोन्ही नकल, म्हणजे चाकं वळतात ते सांधे, खोलले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही त्यांच्यासाठी: टोकाला लोखंडी गोळा, त्यावरून फिरणारं घर, आणि ते घर वरखाली दोन बेअरिंगांवर पेललेलं. बेअरिंगवर ताण किती, हे कागदाइतक्या पातळ शिम्सनी ठरतं. वरच्या आणि खालच्या शिम्सची एकूण जाडी ताण ठरवते. वर किती आणि खाली किती यावर घर गोळ्याच्या मध्यावर बसतं की नाही ते ठरतं. मध्यावर नसेल तर फेल्टचं सील एका बाजूनं झिजतं आणि काही महिन्यांत चाकाच्या आतून ग्रीस गळायला लागतं.

आतलं ग्रीस गळायच्या पलीकडे गेलं होतं. पंचवीसेक वर्षांत त्याची गुळाची ढेप झाली होती, पेचकसानं खरवडून काढावी लागली. शिम्स मी नीट चार बश्यांमध्ये ठेवले: डावा वर, डावा खाली, उजवा वर, उजवा खाली. प्रत्येक बशीखाली चिठ्ठी. आणि दुपारी जेवायला गेलो. परत आलो तर कट्ट्यावर चार स्वच्छ बश्या पालथ्या घातलेल्या आणि सगळे शिम्स एका वाटीत, तेही घासून चकाचक. "अरे, ते पत्र्याचे तुकडे तेलकट होते, राख लावून घासलेत बघ," आई म्हणाली. काय बोलणार? बश्या तिच्याच होत्या.

मग शून्यापासून. प्रत्येक शिम मायक्रोमीटरनं मोजला, जाडी स्केचपेननं वर लिहिली. सील न घालता घर गोळ्यावर चढवलं, टाय-रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून ओढत राहिलो. एक शिम काढला की काटा जड, घातला की सैल. मध्य साधण्यासाठी गोळा आणि घर यांच्यातली फट चार ठिकाणी फिलर गेजनं मोजायची, वरचा शिम खाली, खालचा वर. डावी बाजू दीड दिवस चालली, उजवी दोन तासांत झाली. हात बसला की असंच होतं. आता बश्या बंद. बिस्किटाच्या डब्याला झाकण आहे, त्यातच सगळं.

मागचा ॲक्सल सोपा होता, पण त्यानं महिन्यातली सगळ्यात छान गोष्ट दाखवली. डिफच्या, म्हणजे ॲक्सलच्या मध्यावरच्या गिअरांच्या गोळ्याच्या, घरावरचा बोटभर मळ डिझेलनं धुतला आणि खालून पांढरा रंग वर आला. लष्करी ताफा रात्री हेडलाइट बंद करून चालतो तेव्हा गाडीच्या मागे खाली एक बारीक दिवा डिफवर सोडलेला असतो. मागचा ड्रायव्हर तो पांढरा गोळा धरून चालवतो. म्हणजे कधीतरी कुठल्यातरी अंधाऱ्या रस्त्यावर माझ्या गाडीच्या या भागावर कुणीतरी तासन्तास डोळे लावून बसलं असेल. तो रंग मी खरवडला नाही.

मडगार्डचंही तसंच. वर पिवळा, त्याखाली लांबी (पुट्टी), त्याखाली रेड ऑक्साइड, आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर हळूहळू फिरवत गेल्यावर तळाला लष्करी हिरवा. त्यावर चाकाच्या वर पांढऱ्या स्टेन्सिलमध्ये टीपी, म्हणजे टायर प्रेशर. पुढचा आकडा अर्धा खाल्लेला. मी तिथेच थांबलो.

कारण पुढे रंगाचा प्रश्न आहे. "मूळ हिरवाच द्या" म्हणणाऱ्यांनी १९८९च्या मोटार वाहन नियमांतला नियम १२१ वाचावा: ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. व्हिंटेज नोंदणी घ्या म्हणणाऱ्यांसाठीही उत्तर आहे. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून. पलटणीतल्या बाणाच्या, म्हणजे लष्करी, नंबराची वर्षं धरायची म्हटलं तरी दाखवायला कागद नाही. आरटीओकडची पहिली नोंद लिलावानंतरची, १९९१ची. म्हणजे २०४१. तेव्हा मी स्वतःच व्हिंटेज असेन. शिवाय त्या नियमात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, म्हणजे डिझेलवाल्यांचा रस्ता तिथेही बंद.

म्हणून करडा ठरलाय, ओल्या बेसाल्टसारखा. परवानगीचा अर्ज दिलाय. मडगार्डवरचा टीपीचा हातभर तुकडा टेप लावून वाचवायचा आणि त्यावर नुसता लॅकर मारायचा विचार होता, पण बायकोचं म्हणणं, तपासणीच्या दिवशी त्याच तुकड्यावर बोट ठेवलं तर काय सांगणार? बरोबर आहे. बटर पेपरवर त्याचा माप घेऊन ठसा काढलाय, आकड्याच्या तुटक कडांसकट. तो ग्लोव्ह बॉक्समध्ये राहील.

पुढच्या महिन्यात इंजिन गाडीत उतरवायचं, चेनपुली शेजाऱ्याकडून आणलीय. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. डिस्ट्रिब्युटर उलटा बसवायचा मान गेल्या वर्षी एका मित्राला मिळाला. त्याच्या भुवया आता आल्यात.

एक मागणी आहे: डाव्या दाराच्या खालच्या बिजागरीची पिन कुणाकडे असेल तर सांगा. लेथवर करून घेता येईल, पण आधी मूळ पिन एकदा मोजायची आहे.