एपीआय टेस्ट पाइपलाइनमध्ये बसवताना

आमच्या एपीआयच्या टेस्ट पोस्टमनमध्ये, म्हणजे एपीआयला रिक्वेस्ट पाठवून उत्तर तपासणाऱ्या टूलमध्ये, लिहिलेल्या होत्या आणि चांगल्या लिहिलेल्या होत्या. त्या कुणी आणि कधी चालवायच्या, एवढंच ठरलेलं नव्हतं. रिलीज तोंडावर आला की कोणीतरी आपल्या लॅपटॉपवरून सगळ्यांच्या सामायिक टेस्ट सर्व्हरवर त्या सोडायचं, निम्म्या लाल व्हायच्या, आणि मग "तो डेटा कालच कोणीतरी उडवलाय" अशी चर्चा सुरू व्हायची. शेवटी असं ठरलं की प्रत्येक पुल रिक्वेस्टला, म्हणजे मुख्य कोडमध्ये बदल घ्या अशा विनंतीला, जेनकिन्सने एक कोरा पोस्टग्रेस, नुकतंच बिल्ड झालेलं अ‍ॅप आणि न्यूमन असे कंटेनर उभे करायचे, टेस्ट चालवायच्या आणि सगळं मोडून टाकायचं. (न्यूमन म्हणजे पोस्टमनच्या टेस्ट कमांड लाइनवरून चालवणारं टूल. जेनकिन्स म्हणजे बिल्ड आणि टेस्टच्या पायऱ्या, म्हणजेच पाइपलाइन, आपोआप चालवणारा सर्व्हर. पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि कंटेनर म्हणजे प्रोग्राम बाकीच्यांपासून वेगळा चालवायचा डबा.) हे काम माझ्याकडे आलं.

डॉकर कंपोझची, म्हणजे अनेक कंटेनर एकत्र उभे करणाऱ्या टूलची, फाइल लिहिणं सोपं होतं. पहिल्याच बिल्डमध्ये न्यूमनच्या सगळ्या रिक्वेस्ट 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणत परत आल्या, पण त्याचं कारण लगेच कळलं: पोस्टमनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पत्ता लोकलहोस्टचा होता, आणि कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. कंपोझ सगळ्या सर्व्हिसेससाठी एक नेटवर्क बनवतं, त्यात सर्व्हिसचं नाव हाच पत्ता. पोर्टही आतला द्यायचा. यजमान मशीनवर, म्हणजे कंटेनर जिच्यावर चालतात तिच्यावर, 9090 ला दिसणारं अ‍ॅप आत 8080 वरच ऐकत असतं. नंतर तर मी बाहेरचे पोर्ट फाइलमधून काढूनच टाकले. एकाच एजंटवर (जेनकिन्सचे बिल्ड जिथे चालतात तो) दोन बिल्ड एकदम चालले की त्याच पोर्टवरून त्यांची भांडणं व्हायची. त्याच कारणाने कंपोझच्या प्रोजेक्टच्या नावात बिल्ड नंबर घातला, म्हणजे प्रत्येक बिल्डचं नेटवर्क आणि कंटेनर वेगळे राहतात.

जास्त वेळ खाल्ला तो कोणी कोणासाठी थांबायचं या प्रश्नाने. नुसतं 'डिपेंड्स ऑन' लिहिलं तर कंपोझ समोरचा कंटेनर सुरू झाला एवढंच बघतं, आतला डेटाबेस कामाला लागलाय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आधीच्या स्क्रिप्टमध्ये यावर उपाय म्हणून 'स्लीप 30' टाकलेलं होतं. असे स्लीप मला मुळीच आवडत नाहीत. एजंट मोकळा असला तर वेळ फुकट जातो, आणि तो दमलेला असला तर नेमके 30 सेकंद कमी पडतात. मी ते काढून पोस्टग्रेसला हेल्थचेक, म्हणजे 'तयार आहेस का' असं विचारत राहणारी कमांड, दिला आणि 'सर्व्हिस हेल्दी' ही अट लावली.

तरीही मधूनच एखादा बिल्ड पडायचा. लॉगमध्ये दिसायचं की डेटाबेस तयार झाला, अ‍ॅप जोडायला गेलं आणि त्याच क्षणी दार बंद. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजचं वागणं समजल्यावर कोडं सुटलं. डेटा डिरेक्टरी रिकामी असली की ही इमेज आधी एक तात्पुरता सर्व्हर चालू करते, त्यावर सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर चालू करते. तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर, म्हणजे त्याच कंटेनरच्या आतून, ऐकतो. आपला हेल्थचेक म्हणजे 'पीजी इज रेडी' ही कमांड, आणि होस्ट दिला नाही की तीही सॉकेटवरूनच विचारते. मग तात्पुरता सर्व्हर तिला खुशाल 'हो, तयार आहे' म्हणतो! कमांडला होस्ट म्हणून 127.0.0.1 दिल्यावर चौकशी टीसीपीवरून, म्हणजे खरा सर्व्हरच ऐकतो त्या नेटवर्कच्या वाटेने, होऊ लागली आणि ते पडणं थांबलं. आम्ही दर वेळी कोरा डेटाबेस घेत होतो म्हणून हे छळत होतं. जुना व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी डेटाची जागा) वापरणाऱ्याला हे कधी दिसणारही नाही.

दुसरी मोठी गोष्ट एक्झिट कोडची. पाइपलाइनला टेस्टमधलं काहीही कळत नाही, तिला कळतो तो शेवटच्या कमांडचा आकडा: शून्य म्हणजे ठीक, बाकी सगळं फेल. 'कंपोझ अप'ला अमुक सर्व्हिसचा एक्झिट कोड घे असं सांगता येतं, पण त्या पर्यायाबरोबर 'कोणताही कंटेनर थांबला की सगळे थांबव' हा नियम आपोआप लागू होतो. आमचा मायग्रेशनचा, म्हणजे डेटाबेसची रचना तयार करणारा, कंटेनर आपलं काम करून शहाण्यासारखा थांबायचा आणि त्याच्यामागे सगळा डोलारा खाली यायचा. म्हणून 'अप' सोडून 'कंपोझ रन' वापरलं. त्याने अवलंबून असलेल्या सर्व्हिसेस आधी उभ्या राहतात आणि न्यूमनचा एक्झिट कोड जसाच्या तसा हातात येतो. मायग्रेशनसाठी 'यशस्वीपणे पूर्ण झालं तरच पुढे' अशी वेगळी अट कंपोझमध्ये आहे, ती अ‍ॅपला लावली. आणखी एक चोरवाट होती. आउटपुट फाइलमध्येही जावं म्हणून कमांड 'टी'कडे पाइप केलेली होती, आणि पाइप केलं की शेलला शेवटच्या कमांडचा, म्हणजे 'टी'चा कोड मिळतो. तो जवळपास नेहमीच शून्य. बॅशमध्ये 'पाइपफेल' (पाइपमधली कोणतीही कमांड फेल झाली तर सगळंच फेल) चालू केल्यावर हे मिटलं.

हे होताच बरेच हिरवे बिल्ड लाल झाले. पण काही टेस्ट संशय यावा इतक्या शांत राहिल्या. बघितलं तर त्या रिक्वेस्टना एकही असर्शन, म्हणजे उत्तर कसं हवं याची तपासणी, नव्हतं. सर्व्हरने 500 (आत काहीतरी चुकलं असं सांगणारा कोड) दिला तरी न्यूमनच्या दृष्टीने रिक्वेस्ट गेली, उत्तर आलं, काम झालं. कलेक्शनच्या पातळीवर 'स्टेटस 500 पेक्षा कमी हवा' असं एक असर्शन टाकलं, ते सगळ्या रिक्वेस्टना लागू होतं. वेळेचा एक गमतीदार किस्साही त्यातच झाला. 'आजची तारीख' तपासणारी टेस्ट लॅपटॉपवर पास, पाइपलाइनमध्ये ठरावीक तासांतच फेल. कंटेनर यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, चालत होता, आणि दोष खरोखर अ‍ॅपच्या कोडमध्ये निघाला.

रिपोर्ट बाहेर काढणं हा त्यामानाने किरकोळ पण चिडवणारा भाग. आमचा जेनकिन्स एजंट स्वतः कंटेनरमध्ये चालतो आणि यजमान मशीनचाच डॉकर वापरतो. त्यामुळे व्हॉल्यूमसाठी दिलेला पाथ एजंटचा न धरता यजमानाचा धरला जातो, आणि रिपोर्टचा फोल्डर रिकामा दिसतो. मी माउंटचा, म्हणजे बाहेरचा फोल्डर कंटेनरला जोडण्याचा, नाद सोडला. न्यूमनचा कंटेनर थांबल्यावर 'डॉकर सीपी'ने जेयुनिट एक्सएमएल, म्हणजे टेस्टच्या निकालाची फाइल, उचलून आणतो. फाइल रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या युजरच्या) मालकीची राहून पुढचा बिल्ड वर्कस्पेस साफ करू शकत नाही, ही कटकटही त्यामुळे गेली.

हे सगळं पाइपलाइनच्या 'पोस्ट' भागात 'ऑलवेज'खाली आहे: आधी रिपोर्ट, मग अ‍ॅपचे आणि डेटाबेसचे लॉग, आणि मगच व्हॉल्यूमसकट 'डाउन'. हा क्रम उलटा झाला तर लाल बिल्डचं कारण शोधायला हातात काही उरत नाही.

फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवावी, अशी मागणी टीममधून आली होती. मी नाही म्हणालो. अधूनमधून पडणाऱ्या टेस्टच्या मागे निघालेली कारणं वर आहेतच, आणि रिट्राय असता तर त्यातलं एकही कळलं नसतं. सध्या एकच कोपरा बाकी आहे. पेमेंटच्या काही टेस्ट अजून बाहेरच्या सँडबॉक्सला (चाचणीसाठीच्या पेमेंट सर्व्हरला) हाक मारतात आणि तो झोपला की आमचा बिल्ड पडतो. तिथे वायरमॉकचा, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरची नक्कल करणाऱ्या टूलचा, कंटेनर बसवायला घेतलाय.