शाळा सोडल्याचे कारण

यंदाच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत ध्वजवंदन झाल्यावर माजी विद्यार्थ्यांचा गौरव सोहळा झाला. शाळा बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आहे. दसरा झाला की इथले निम्मे गाव बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघते आणि वर्गातले बाक रिकामे होतात. मी याच शाळेचा विद्यार्थी. सोहळ्याच्या समितीत गावाने मलाही घेतले होते.

पहिल्या बैठकीत जी यादी तयार झाली, तिच्यात एक फौजदार, पुण्यात नोकरीला असलेला एक अभियंता, तहसील कार्यालयातील एक अधिकारी आणि सैन्यातील दोन जवान होते. त्यातले प्रत्येक नाव मानाचे होते, याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नव्हती. मात्र समोर बसणाऱ्या पाचवी-सहावीच्या मुलांना खांद्यावरची शाल तेवढी दिसेल आणि तिथवर आलेली वाट दिसणार नाही, ही रुखरुख मला स्वस्थ बसू देईना. म्हणून मी मुख्याध्यापकांना जुने जनरल रजिस्टर काढण्याची विनंती केली.

कपाटाच्या तळातून निघालेल्या त्या रजिस्टरचा पुठ्ठा सुटला होता आणि कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख असे रकाने ओलांडत गेले की शेवटी येतो तो 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना. पानामागून पाने उलटली, तरी त्या रकान्यात दोनच शब्द पुनःपुन्हा येत होते : 'सतत गैरहजर'. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायला आईबाप कारखान्यावर गेले आणि लेकरू त्यांच्याबरोबर गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक होते, पण रजिस्टरात ते कुणी लिहिले नव्हते. अशाच एका ओळीत पाचवीतल्या एका मुलीचे नाव पटावरून कमी केलेले होते आणि खाली वेगळ्या शाईने 'पुनःप्रवेश' असा शेरा होता. ती मुलगी आज अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परिचारिका आहे. यादीत तिचे नाव नव्हते. तिच्या थोरल्या भावाचेही नव्हते. त्याची शाळा सातवीतच कायमची सुटली. पण आज तो दीड एकरात तुती लावून रेशीम कोष काढतो, ते जालन्याच्या बाजारात नेऊन विकतो आणि गेली सहा वर्षे त्याने हातात कोयता धरलेला नाही. मी दोन्ही नावे सुचवली. थोडी चर्चा झाली, पण शेवटी सगळ्यांनी मान्य केले.

ज्या स्वामीजींचे नाव त्या महाविद्यालयाला आहे, ते मुळात शिक्षक होते, हे आमच्या मुलांना सांगायलाच हवे होते. निजामी राजवटीत वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होत असे. अशा काळात मराठी मुलांसाठी हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथे शिकवू लागले, संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व त्यांनी केले ते वर्गाचा उंबरा ओलांडून. म्हणूनच माजी विद्यार्थ्यांच्या गौरवाला १७ सप्टेंबरइतका योग्य दिवस दुसरा नाही, असे मला मनापासून वाटते.

क्रीडाशिक्षकांनी आपल्याच जिल्ह्यातील अविनाश साबळे यांची गोष्ट सांगितली. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा हा मुलगा सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी नाहीतर पळत जाई. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ देऊन रौप्यपदक मिळवले आणि सुवर्णपदक हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. पुढच्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. ०.०५ सेकंद म्हणजे किती, हे दाखवायला सरांनी एकदाच टाळी वाजवली आणि ते म्हणाले, "यापेक्षाही कमी." मुले अगदी गप्प झाली होती.

नंतर परिचारिका असलेल्या त्या ताई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण असे केलेच नाही. पाचवीत असताना त्या आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेल्या. पहाटे उठून धाकट्याला सांभाळायचे, उसाचे पाचट (वाळलेला पाला) गोळा करायचे, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधायचे, हा रोजचा क्रम होता. शाळेतल्या एका गुरुजींनी मुकादमाच्या ट्रकमधून त्यांच्यासाठी गणिताचे पुस्तक आणि दोन वह्या पाठवल्या होत्या. रात्री कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, चुलीच्या उजेडात त्या उदाहरणे सोडवत. वहीची पाने धुराने पिवळी पडली होती. मार्चमध्ये टोळी गावी परतली, तेव्हा गुरुजी स्वतः घरी आले, त्यांनी वह्या पाहिल्या आणि हाताला धरून त्यांना परीक्षेला बसवले. हे सांगताना ताईंनी पिशवीतून त्यांतली एक वही काढली आणि पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिली. वही रांगेरांगेने फिरत राहिली. भाऊ बोलला नाही. "ताईचं शिक्षण चालू राहावं म्हणून मी कोयता धरला, एवढंच," असे म्हणून तो खाली बसला. टाळ्या सर्वांत जास्त वेळ वाजल्या त्या त्याच्यासाठी.

आमच्या शाळेने मागे ज्या मुलांची नावे पटावरून कमी केली, त्यांच्याबाबत शाळेकडून चूक झाली, हे मुख्याध्यापकांनी आभार मानताना स्पष्ट शब्दांत सांगितले, याचे मला समाधान आहे. आता हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आईबाप फडावर गेले तरी मूल गावातच नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था शाळेत होते. पण नाव वेळेवर नोंदवले गेले, तरच ही सोय लेकरापर्यंत पोहोचते.

चहापाणी झाल्यावर मंडप रिकामा होऊ लागला, तेव्हा ताई व्हरांड्यातल्या टेबलापाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी दसऱ्यानंतर ज्यांचे आईबाप जाणार आहेत, अशा मुलांना एकेक करून बोलावले. वही परत आली होती. तिच्याच मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी नावे लिहायला घेतली. मी निघालो, तेव्हा एकोणीस नावे झाली होती आणि रांगेत अजून मुले उभी होती.