आमची वाटचाल : बरोसाच्या जुन्या बागांमधून

अ‍ॅडलेडहून बरोसा व्हॅली हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं वाइनचं खोरं गाडीने तासाभरावर. एका मिनीबसवर आम्ही व्यवसाय सुरू केला, तेव्हा पाहुण्यांना वायनरीत न्यायचं, चव घेऊ द्यायची आणि संध्याकाळी हॉटेलवर सोडायचं, एवढंच काम होतं. पुढे नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार येऊ लागले आणि धंद्याला वेगळीच दिशा मिळाली. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "खुंट कोणता?"

म्हणजे वेलीचं कलम दुसऱ्या कोणत्या जातीच्या मुळांवर बांधलंय? खुंट नाहीच! इथल्या जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. मुळांवर हल्ला करून युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा कीड 1877 मध्ये शेजारच्या व्हिक्टोरियात सापडली, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात आजवर शिरलेली नाही. म्हणूनच लँगमाइल वायनरीची 1843 सालची मानली जाणारी शिराझ (लाल वाइनच्या द्राक्षाची जात) अजून माल देते. बुटाच्या मातीतूनही कीड पसरते, त्यामुळे मालकाला विचारल्याशिवाय आम्ही कुणालाही ओळीत पाय ठेवू देत नाही. ग्रेनाश या दुसऱ्या लाल जातीच्या जुन्या वेलींना तर मांडवही नसतो; पिळवटलेल्या काळ्या बुंध्यावर हात ठेवून आमचे बागायतदार बराच वेळ तिथेच थांबतात.

सायलेशियातून धर्मछळामुळे आलेल्या जर्मन लुथरन कुटुंबांनी 1842 पासून इथे वस्ती केली. पुढे कित्येक दशकं पोर्ट-शेरीसारख्या जास्त मद्यार्काच्या वाइनचाच जोर होता. 1980 च्या दशकात द्राक्षाला उठाव नव्हता, तेव्हा सरकारने बागा काढायला पैसे दिले आणि शंभरी गाठलेल्या वेलीही उखडल्या गेल्या. हे सांगताना आजही वाईट वाटतं. वाइन बनवणारे पीटर लेहमन यांच्यासारख्यांनी शेतकऱ्यांचा माल घेत राहून पुष्कळ बागा वाचवल्या. 2009 पासून वेलींची वयानुसार नोंद होते : 35, 70, 100 आणि 125 वर्षांपुढच्या.

खोऱ्यातली शिराझ दाट, आलुबुखार नि चॉकलेटच्या चवीची. पण तेवढ्यावर परतू नये, असं आमचं ठाम मत आहे. वर ईडन व्हॅलीच्या थंडाव्यात रीसलिंग ही पांढरी वाइन होते. कोवळी असताना लिंबासारखी तरतरीत, मुरल्यावर भाजलेल्या पावाच्या वासाची. सेपल्ट्सफील्ड वायनरीत 1878 पासूनची टॉनी, म्हणजे पिंपांत मुरवलेली पोर्टसारखी वाइन, साठवलेली आहे. तिथे आपल्या जन्मसालाची वाइन चाखता येते.

आता पूर्ण फेरी मराठीतूनही करतो. तोडणी पाहायची असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल, छाटणीसाठी जुलै-ऑगस्ट.